पुण्यातल्या टेकड्या: सोसायटीची महिन्याची फेरी कुठे आणि कशी काढावी?

कर्वेनगरचा_मी

मंडळी, सल्ला हवा आहे. आमच्या सोसायटीत यंदा ठरलंय की दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सगळ्यांनी मिळून सकाळी घराबाहेर पडायचं. पार्टी हॉलमध्ये बसून तंबोला खेळायचा कंटाळा आला आहे. आयोजनाचं काम (नेहमीप्रमाणे, गप्प बसल्यामुळे) माझ्या गळ्यात पडलं.

येणारे साधारण तीस ते चाळीस. त्यात पहिली-दुसरीतली पोरं आहेत, गुडघे बदललेले दोन काका आहेत आणि दर शनिवारी सिंहगड चढणारी तरुण मंडळीही आहेत. डोक्यात वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती आणि बाणेरची तुकाई टेकडी आहे. प्रश्न असे:

चढ कुठला सोपा? गाड्या कुठे लावायच्या? वर थोडी योगासनं, मुलांचे खेळ आणि मग पोहे असा बेत आहे, त्यासाठी सपाट जागा कुठे मिळेल? एक छोटा ब्लूटूथ स्पीकर नेणार आहोत. जुलैत वृक्षारोपण करायचं आहे, रोपं एक सभासद फुकट देणार आहेत. परवानगी लागते का?

अनुभवी लोकांनी लिहावं.

वाटवेडा

चांगला धागा. वेताळ टेकडीपुरतं मी सांगतो, बाकीच्यांचं बाकीचे सांगतील.

पुणे शहराच्या हद्दीतली ही सगळ्यात उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. शहर ५६० च्या आसपास आहे, म्हणजे खालून वर दोन-सव्वादोनशे मीटरचा चढ. ऐकायला किरकोळ वाटतो, पण गोखलेनगरच्या बाजूने चढलात तर घाम निघतो. वाटा अनेक. पौड रस्त्याकडून एआरएआयचा (वाहन संशोधन संस्थेचा) डांबरी रस्ता वर येतो, तो काकांसाठी. पाषाणच्या बाजूने पंचवटीतून येणारी वाट माझ्या मते सगळ्यात सुंदर, झाडीतून हळूहळू चढते. चतुःशृंगीकडूनही येता येतं. लॉ कॉलेजच्या मागची वाट छोटी पण खडी आहे, मुरुमावर पाय घसरतो आणि चढताना नाही, उतरताना घसरतो. गुडघेवाल्यांना तिकडून उतरवू नका.

वर वेताळबाबाचं देऊळ आहे, थोडं पुढे जुनी दगडखाण. खाणीच्या कड्याच्या टोकाशी पोरांना सोडू नका, कठडा नाही. पण खाण दाखवा जरूर. कापलेल्या कड्यात लाव्हाचे थर एकावर एक स्पष्ट दिसतात. हा सगळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे डायनासोर संपले त्याच सुमाराचा. हे एकदा सांगितलं की मुलं हातातला मोबाईल खाली ठेवतात.

गाड्यांचं विसरा. वनाझपासून मेट्रो आहे, रिक्षा आहेत. चाळीस माणसांच्या पंधरा गाड्या गल्लीत लावल्यात तर स्थानिक लोक तुमच्याकडे ज्या नजरेने बघतील ती नजर योग्यच असेल.

सदाशिव_पेठ_३०

योगासनं, खेळ, पोहे, स्पीकर, वृक्षारोपण. सत्यनारायण राहिला. टेकडी आहे की मंगल कार्यालय?

कर्वेनगरचा_मी

@सदाशिव_पेठ_३०, अपेक्षित प्रतिसाद होता, फक्त तो पहिला येईल असं वाटलं होतं. दुसरा आला.

नवरंग_पाषाण

सदाशिवकाकांनी चिमटा काढला, पण मुद्दा खरा आहे. मी बरीच वर्षं पाषाणच्या बाजूने पक्षी बघायला जाते. रविवारी सकाळी सात ते नऊ या वेळात गेल्या काही वर्षांत टेकडीवर जी गर्दी वाढली आहे, त्यात सगळ्यात जास्त त्रास पायांचा होत नाही, आवाजाचा होतो. कोणी जिने चढल्यासारखं मोजत ओरडत पळतं, कोणी खिशात भजनं लावून फिरतं, कोणी झुंबाचा ग्रुप घेऊन येतं. तुमचा स्पीकर 'छोटा' असला तरी उघड्या माळावर तो पलीकडच्या उतारापर्यंत ऐकू जातो.

आता काय बघायला मिळतं ते सांगते, म्हणजे स्पीकर का नको ते कळेल. मे संपता संपता पावशा ओरडायला लागतो, 'पेरते व्हा, पेरते व्हा'. त्याच सुमारास आफ्रिकेकडून चातक येतो. नवरंगही त्याच दिवसांत, पण तो दाट झुडपात पालापाचोळा उकरत बसतो. शांत उभं राहिलात तरच त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. पहिल्या सरींनंतर जमिनीवर मखमली लाल मृगाचे किडे. मुलांना ते हातात घ्यायचे असतात. घेऊ द्या, मग जिथून उचलले तिथेच सोडायला लावा. पावसाळ्यात मोर. हिवाळ्यात नशीब असेल तर स्वर्गीय नर्तक, लांब पांढऱ्या शेपटीचा नर. शिक्रा वर्षभर.

फेब्रुवारी-मार्चात कुणाला टेकडी रखरखीत वाटते, मला तो सर्वात आवडता काळ. पळस, पांगारा, काटेसावर लाल-केशरी, आणि गणेर. एकही पान नसलेल्या झाडाला तळहाताएवढी पिवळीधमक फुलं! सालईची साल त्या दिवसांत कागदासारखी सोलवटून निघालेली असते. हे सगळं बघायला चाळीस जणांचा घोळका चालत नाही. पंधराच्या वर गेलं की मागच्याला पुढचा काय दाखवतोय ते कळतच नाही, मग तो गप्पा मारायला लागतो, त्याचीही चूक नसते.

कर्वेनगरचा_मी

पटलं. स्पीकर बाद. पण मग सात वर्षांच्या पोराने तास-दीड तास 'शांत उभं राहावं' ही अपेक्षाही अवघड आहे. त्याला धावायचं असतं. आणि काकांना बसायला बाक लागतो, दुसरीही एक सोय लागते (कळलं असेल). टेकडीवर ती नाही.

उषाताई_एरंडवणे

हेच लिहायला आले होते. मी निवृत्त शिक्षिका, आमचा हास्यक्लब अनेक वर्षं बागेत चालतो, त्यामुळे बागांचं मला विचारा.

तुमचे दोन वेगळे कार्यक्रम आहेत आणि तुम्ही ते एकात कोंबताय. खेळ, योगासनं, खाणं हे बागेतलं काम. चालणं आणि बघणं हे टेकडीवरचं. महिन्याआड एक-एक करा.

बागेत गटाने काही करायचं तर महापालिकेच्या उद्यान विभागाला आधी लेखी अर्ज द्यावा. नुसत्या पाच-दहा जणांच्या सूर्यनमस्कारांना कोणी अडवत नाही, पण सतरंज्या, पाटी, खाऊवाटप आलं की रखवालदाराला विचारणं भाग पडतं, आणि त्या बिचाऱ्याच्या हातात काही नसतं. ध्वनिक्षेपकाला पोलिसांची परवानगी वेगळी लागते. शिट्टी आणि घसा पुरतो हो! चाळीस मुलांचा वर्ग मी आयुष्यभर घशावर सांभाळला.

कुठली बाग? पु. ल. देशपांडे उद्यान सुंदर आहे, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं, पण ते बघायचं उद्यान, हिरवळीवर पाऊल पडलं की शिट्टी वाजते. मुलांना तिथे नेऊन 'हात लावू नको' म्हणत फिरायचं असेल तर न्या. सारसबाग पहाटे बरी, दहानंतर नको. मुलांना तळ्यातल्या गणपतीची गोष्ट सांगा, की आज आपण बसलोय तिथे पेशव्यांच्या वेळी तळं होतं आणि गणपती मधल्या बेटावर. आमच्या नातवाला ते खरंच वाटेना. तो प्रत्येक वेळी 'मग पाणी कुठे गेलं?' विचारतो. एम्प्रेस गार्डन लांब पडेल पण एकदा जाच. प्रचंड जुनी झाडं आहेत, वेली अशा की मुलं त्यांच्यावरून उतरत नाहीत. २६ जानेवारीच्या आसपास तिथे पुष्पप्रदर्शन असतं, तेव्हा मात्र तुमच्या गटाला जागा मिळणार नाही.

पर्वतीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. १०३ पायऱ्या, रुंद आणि उताराच्या, त्यामुळे गुडघ्यांना वाटतो तेवढा त्रास होत नाही. मध्ये थांबायला जागा आहे. वर देवदेवेश्वर, १७४९ च्या सुमाराचं, नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं. पानिपतानंतर १७६१ मध्ये नानासाहेब गेले तेही पर्वतीवरच. आणि १८१७ ची खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावाने इथूनच पाहिली म्हणतात. ती जागा दाखवून मुलांना विचारा, 'इथून खडकी दिसते का बघा बरं'. इमारतींतून शोधण्यात अर्धा तास जातो.

सदाशिव_पेठ_३०

उषाताई, दंडवत. वाचनखूण साठवली.

हिवर

वृक्षारोपणावर कोणीच बोललेलं नाही, तेव्हा वाईटपणा मी घेतो.

टेकडीवर झाडं लावू नका.

एका ओळीत सोडलं तर लोक मला झाडांचा शत्रू म्हणतील, म्हणून सविस्तर. पुण्याच्या टेकड्या मुळात घनदाट जंगलाच्या नव्हत्याच. पातळ माती, खाली बसाल्ट, चार महिने पाऊस, आठ महिने कोरडं. अशा जागी निसर्गतः गवताळ माळ आणि त्यात विखुरलेली झाडं असतात: खैर, हिवर, सालई, मोई, मेडशिंगी, धामण, बारतोंडी. ही वर्षाचा बराच काळ निष्पर्ण असतात म्हणून लोकांना ती 'वाळलेली' वाटतात. गवत तर कोणाच्या खिजगणतीतच नाही. पण चंडोल, तित्तर, टिटवी ही सगळी मंडळी उघड्या गवतातली आहेत. तिथे सावली केलीत की ती निघून जातात. पावसाळ्यात उगवणारी काळी मुसळी, आभाळी, कळलावी, कंदीलपुष्पं हीसुद्धा कंदातून येतात, आठ महिने जमिनीत दडून असतात. तुम्ही दीड फुटाचा खड्डा जिथे खणाल तिथे खाली काय होतं ते जुलैत तुम्हाला दिसणारच नाही, आणि खणल्यावर तर कधीच नाही.

मागच्या पिढीत टेकड्या 'हिरव्या' करायच्या म्हणून गिरिपुष्प बेसुमार लावलं गेलं. मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं. उंदीरमारी म्हणतात तेच. भराभर वाढतं, खडकाळ जमिनीत तगतं, गुरं फारशी तोंड लावत नाहीत. लावणाऱ्याला ही सगळी वैशिष्ट्यं सोयीचीच. आज वेताळ टेकडीच्या कित्येक उतारांवर एकसारखी त्याचीच काठी-काठीची गर्दी दिसते. फेब्रुवारीत गुलाबी फुलतं तेव्हा सगळे फोटो काढतात. त्याच्या सावलीत बसून बघा, किती पक्षी दिसतात ते.

फुकट मिळणारी रोपं कुठली आहेत हे आधी विचारा. गुलमोहर, सप्तपर्णी, कण्हेर असेल तर सोसायटीच्या आवारात लावा, कोणाची हरकत नाही.

सिव्हिल_इंजि_वारजे

@हिवर, हे जरा टोकाचं होतंय. चाळीस माणसांनी शंभर झाडं लावली तर पर्यावरणाचं नुकसान? लहानपणी आम्ही बघितलेल्या टेकड्या उघड्याबोडक्या होत्या. आज निदान सावली आहे. गिरिपुष्पाने माती धरून ठेवली, पालापाचोळा दिला, शेंगवर्गीय असल्याने जमिनीत नत्रही वाढवतं. आणि बाणेरच्या टेकडीवर लोक वर्षानुवर्षं रविवारी जाऊन खड्डे, पाणी, आळी करतात. ते सगळे मूर्ख का?

हिवर

मूर्ख कोणीच नाही. बाणेरच्या मंडळींबद्दल मला आदर आहे, आणि त्यांची गोष्ट तुमच्या बेताच्या बरोबर उलटी आहे. ते लावून निघून गेले नाहीत. उन्हाळ्यात बाटल्या-कॅन खांद्यावर घेऊन वर गेले. तुमच्या मुद्द्यातलं मी अर्धं मानतो: जिथे खाणकामाने किंवा गुरांनी माती पार धुपली आहे, तिथे आधी काहीतरी तगणं महत्त्वाचं होतं. पण आज उरलेला प्रत्येक उघडा तुकडा 'रिकामा' समजून भरायचा, हे मला मान्य नाही.

आणि साधा हिशेब बघा. जुलैत लावलेलं रोप ऑक्टोबरपर्यंत पावसावर जगतं. नोव्हेंबर ते जून कोण पाणी घालणार? किमान दोन-तीन उन्हाळे. सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तेवढे हात वर होत असतील तर मी माझा विरोध मागे घेतो.

दुसरं म्हणजे जमीन कोणाची हे. टेकडीचा काही भाग वनखात्याचा आहे, भांबुर्डा वनविहार त्यातलाच. काही भाग महापालिकेचा, काही खाजगी. वनजमिनीवर आपण आपल्या मनाने कुदळ मारायची नसते. त्यांना विचारलंत तर तेच सांगतील कुठे काय लावायचं, किंवा नको म्हणतील.

सिव्हिल_इंजि_वारजे

पाण्याचा मुद्दा मान्य. गवताचा अजून नाही. पण वाचतो.

नवरंग_पाषाण

लावण्यापेक्षा काढण्याचं काम द्या ना त्यांना. गाजर गवत फुलायच्या आत उपटणं, प्लॅस्टिक उचलणं. हातमोजे लागतील, गाजर गवताने काहींना अंगावर पुरळ येतो. मुलांना हे लावण्यापेक्षा जास्त आवडतं, स्पर्धा लावता येते.

सनीवेल_सखाराम

इथे कॅलिफोर्नियात आमच्याजवळच्या डोंगरांवर प्रत्येक वाटेला नाव, फाट्यावर लाकडी खांब, त्यावर अंतर. सुरुवातीला नकाशाची पाटी, कुत्र्याला परवानगी आहे की नाही, सायकलला आहे की नाही, सगळं लिहिलेलं. स्वयंसेवक गटाला घेऊन जातात, आधी नावनोंदणी, गटाची मर्यादा ठरलेली. टेकडीवर असं करता येईल? निदान दगडांवर रंगाने बाण तरी? मागच्या डिसेंबरात आईबाबांना घेऊन गेलो तर तीन वाटा फुटल्या तिथे आम्ही भलतीकडेच उतरलो आणि गोखलेनगरऐवजी पाषाणला निघालो. बाबा खूश, आई नाही.

वाटवेडा

पाटीला अनुमोदन, रंगाला नाही. टेकडीवरच्या दगडांवर आधीच इतकं रंगवून ठेवलंय: राजकीय पक्षांची नावं, प्रेमिकांची नावं, क्लासच्या जाहिराती. आणखी बाण आले की कुठला कोणाचा कळायचा नाही. शिवाय धावणाऱ्यांच्या शर्यतींचे चुन्याचे बाण असतातच, ते पावसात तरी जातात.

एक मात्र खरं की वाटा आता जास्त झाल्यात. पूर्वी जिथे एक पायवाट होती तिथे बाजूबाजूला चार झाल्या आहेत, कारण चिखल आला की प्रत्येक जण कडेने जातो आणि कड रुंदावत जाते. पावसाळ्यात मधल्या वाटेनेच, चिखलातून चाला. बूट धुता येतात. आणि वळणावळणाची वाट सोडून सरळ खाली उतरायचा मोह टाळा. त्या सरळ रेषेतूनच पुढच्या पावसात पाणी धावतं आणि घळ पडते.

अवांतर: दिवाळीनंतर जाणार असाल तर कुसळी गवत पिकलेलं असतं. कापडी बूट आणि लोकरी मोजे घालून गेलात तर संध्याकाळ मोज्यातली कुसळं काढण्यात जाईल. गुळगुळीत कापडाची लांब पँट घाला.

रोहिणी_के

एक महत्त्वाचं राहिलं. सुरक्षितता. मी एकटी चालायला जायची, आता जात नाही किंवा ओळखीच्या दोघी-तिघींसोबतच जाते. टेकड्यांवर लुटीचे प्रकार होतात, संध्याकाळी जास्त, आडबाजूला जास्त. रविवार सकाळच्या गटाला धोका कमी आहे, पण गटाचा शेवट सांभाळा: पुढे एक, मागे एक, मागच्याच्या मागे कोणी राहायचं नाही. वर गेल्यावर आणि उतरायच्या आधी माणसं मोजा. ११२ सगळ्यांच्या फोनमध्ये असू दे. अंधार पडायच्या आत खाली. दागिने घरी ठेवा. हे सांगताना मला राग येतो, पण सांगते.

साप: पावसाळ्यात घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत. दगड उलटून बघायचा नाही, दगडावर बसायच्या आधी बघायचं. मुलांना हे भीती घालून नाही, नियम म्हणून सांगावं.

वाटवेडा

वणव्याचंही लिहायला हवं. फेब्रुवारीपासून मेपर्यंत गवत काडेपेटीएवढ्या ठिणगीचीच वाट बघत असतं. बहुतेक वणवे माणसांमुळेच लागतात: विडी-सिगारेट, रात्रीच्या पार्ट्या, कचरा पेटवणं, कधी मुद्दाम. वनखातं जाळरेषा काढतं, पण वारा असला की ती ओलांडून जाते. धूर दिसला तर १०१ आणि वनखात्याच्या १९२६ वर कळवा, आणि पोरांना घेऊन वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला खाली उतरा. झोडपायला जाऊ नका, ते शिकलेल्यांचं काम. पोह्यांसाठी वर स्टोव्ह पेटवणं तर स्वप्नातही नको.

कर्वेनगरचा_मी

पोहे घरून डब्यात येणार होते हो! स्टोव्हचा विचार कोणी केलाच नव्हता.

बरं, आमच्या बी विंगमधल्या एकांना त्यांचा लॅब्रॅडॉर आणायचा आहे. आणि एक काकू रोज मोरांना तांदूळ घालतात, त्यांना आनंदाने सगळ्यांना ते दाखवायचं आहे. काय सांगू?

नवरंग_पाषाण

लॅब्रॅडॉर बागेच्या फेरीलाही चालणार नाही, बहुतेक बागांत मनाई आहे. टेकडीवर आणायचाच तर पट्ट्यात, सोडायचा नाही. मोर, तित्तर, टिटवी जमिनीवर अंडी घालतात. कुत्रा मारत नसेल, नुसता हुंगत गेला तरी मादी उठून जाते. भटक्या कुत्र्यांच्या टोळ्याही आहेत वर, त्यांची आणि याची गाठ पडली की तुमची फेरी तिथेच संपली.

काकूंना दुखवू नका, पण तांदूळ बंद करायला सांगा. टेकडीवर मोराला खायला भरपूर आहे: किडे, बिया, सापाची पिल्लं. माणसाच्या हातून खायला शिकलेला मोर वस्तीत उतरतो आणि तिथे कुत्री, तारा, गाड्या आहेत. शिवाय उरलेल्या दाण्यांवर उंदीर, कबुतरं येतात. तुम्ही सांगितलंत तर वाईट वाटेल; उषाताईंसारख्या कोणीतरी सांगितलं तर पटेल.

उषाताई_एरंडवणे

सांगते. नंबर मेसेज करा.

घोडबंदर_रोडी

पुणेकरांच्या धाग्यात मुंबईकर. आमच्याकडे टेकडी म्हणजे थेट बिबट्याचं घर, त्यामुळे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मनाला येईल त्या वाटेने जाता येत नाही. कान्हेरीचा रस्ता सर्वांना खुला, बाकीच्या वाटांवर उद्यानाच्या मार्गदर्शकासोबत नोंदणी करून जायचं. सुरुवातीला जाच वाटायचा, आता बरं वाटतं, कारण माहीतगार माणूस सोबत असतो. गोरेगावला बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) निसर्ग शिक्षण केंद्र आहे, मुलांसाठी उत्तम. आणि माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान: धारावीसमोर, मिठीच्या काठी, सदतीस एकर. पूर्वी तिथे शहराचा कचरा टाकत. आता फुलपाखरं बघायला लोक येतात. मुंबईला आलात तर पुण्याच्या मुलांना ते जरूर दाखवा. वृक्षारोपणाच्या वादात भर: तिथे लावलं ते योग्यच केलं, कारण खाली कंद नव्हते, कचरा होता. :)

हिवर

@घोडबंदर_रोडी, मान्य, शंभर टक्के.

एरंडवण्याचा_राजा

तुम्ही गवताच्या काड्या मोजत बसा, तिकडे वेताळ टेकडीवरून जाणारा बालभारती ते पौड फाटा हा प्रस्तावित रस्ता झाला की टेकडीच उरणार नाही. यावर कोणी बोलत नाही.

सदाशिव_पेठ_३०

बोलतात की. २०२३ च्या एप्रिलमध्ये हजारो माणसं भर उन्हात रस्त्यावर उतरली होती, मीही होतो, टोपी घालून. त्याचा वेगळा धागा आहे, पाचशेच्या वर प्रतिसाद आहेत, तिथे या. इथे धाग्याचं काश्मीर (न संपणारा वाद) करू नका.

एरंडवण्याचा_राजा

वेगळा का? जे रविवारी वर जातात तेच उद्या उभे राहणार आहेत. ज्याने टेकडी बघितलीच नाही त्याला पौड रस्त्यावरचे वाचलेले दहा मिनिटं मोठी वाटणारच. बीडीपीचं (जैवविविधता उद्यानाचं) आरक्षण घ्या, महापालिकेत समाविष्ट गावांतल्या ९७८ हेक्टर टेकड्यांवर, २०१५ मध्ये मंजुरी, जागामालकांना मोबदला आठ टक्के टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क). तेव्हापासून प्रत्यक्ष ताब्यात किती जागा आली आणि उतारांवर किती पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या, ते वारजे-बावधन बाजूला फिरून बघा. सोसायटीच्या मुलांना एक फेरी तिकडेही काढा.

सिव्हिल_इंजि_वारजे

याला मात्र पूर्ण सहमत. वारजेच्या बाजूला मी रोज बघतो. आणि पौड रस्त्यावर रोज अर्धा तास अडकणारा माणूसही मीच आहे, त्यामुळे दहा मिनिटांना हसू नका, राजे.

संपादक मंडळ

रस्त्याविषयीची पुढची चर्चा कृपया त्या धाग्यावर करावी. बीडीपीवर स्वतंत्र लेख आल्यास स्वागत आहे.

फर्ग्युसन_९४

हनुमान टेकडी सगळे विसरलात. चढ पंधरा-वीस मिनिटांचा, पोरांना झेपतो, उतरून गुडलकला बनमस्का. (वरती पोह्यांचा प्रश्नच मिटला.) आणि पर्वतीवर पेशवाई सांगणार असाल तर इथे गोपाळ कृष्ण गोखल्यांचं सांगा. १२ जून १९०५ ला भारत सेवक समाजाची शपथ त्यांनी आपल्या पहिल्या सहकाऱ्यांना याच टेकडीवर दिली. सभागृह नाही, मंडप नाही, पहाटेची टेकडी. स्पीकरही नव्हता.

सदाशिव_पेठ_३०

शेवटचं वाक्य फार आवडलं.

तळजाईकर

तळजाईचा प्रतिनिधी उशिरा पोचला. पाचगाव-पर्वतीच्या वनक्षेत्रात रुंद, बऱ्यापैकी सपाट वाटा आहेत, वाहनांना आत बंदी, त्यामुळे म्हाताऱ्यांना आणि लहानांना पुण्यात यापेक्षा चांगली जागा नाही. काकांना इथे आणा. मात्र फाटकाच्या वेळा असतात, सकाळी ठरावीक वेळेनंतर बाहेर काढतात, पाटी बघून जा. खाण्याचे पदार्थ आत नेऊ देत नाहीत आणि ते बरंच आहे. बाहेर तळजाई मातेच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी गाजर-बीट-आवळ्याचा रस, भाज्या, ताक सगळं मिळतं. रविवारी तिथली गर्दी म्हणजे मिनी मंडई. आमच्या घरी रविवारची पालेभाजी तिथूनच येते.

कर्वेनगरचा_मी

सगळ्यांचे आभार. कालच्या मीटिंगमध्ये हा धागा प्रोजेक्टरवर दाखवला (सदाशिवकाकांचा पहिला प्रतिसाद वाचून चेअरमन सर्वात जास्त हसले). ठरलं ते असं.

पहिली फेरी तळजाईला, सगळ्यांनी. त्यापुढे एका महिन्यात बाग, एका महिन्यात टेकडी. बागेसाठी उषाताईंच्या सांगण्याप्रमाणे अर्ज लिहिला आहे, खेळ त्याच घेणार आहेत, शिट्टी त्यांचीच. टेकडीला पंधरापेक्षा जास्त नाहीत. नावं जास्त आली तर दोन गट, एक पाषाणकडून आणि एक एआरएआयच्या रस्त्याने, म्हणजे काकांनाही वर येता येईल. @नवरंग_पाषाण, पाषाणचा गट तुम्ही न्याल का? आग्रह नाही, पण आशा आहे.

वृक्षारोपणावर खडाजंगी झाली. फुकटची रोपं निघाली सप्तपर्णीची. त्यातली सहा पार्किंगच्या भिंतीलगत लावायची ठरली आहेत, तरी त्यावरही सी विंगचं म्हणणं आहे की फुलांच्या वासाने डोकं दुखतं. जुलैच्या रविवारी गाजर गवत उपटायचं, त्यासाठी वनखात्याला पत्र दिलं आहे. उत्तर आलं की इथे टाकतो.

लॅब्रॅडॉर नाराज आहे.

नवरंग_पाषाण

नेते. पण साडेसहा म्हणजे साडेसहा. पंचवटीच्या पायथ्याशी, पाण्याची बाटली भरून, परफ्यूम न लावता. दुर्बीण एक जास्तीची आणते. पांढरे शर्ट नकोत, मळके, मातकट रंग घाला.

हिवर

जुलैचा रविवार कोणता? हातमोजे माझ्याकडे वीस जोड आहेत.

सदाशिव_पेठ_३०

मीही येईन म्हणतो. फक्त ते साडेसहा आहे की साडेसहाला निघणं आहे, ते आधी नीट लिहा.

नवरंग_पाषाण

पोचणं.